वेव्ह म्हणजे हात करणे

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले वाल, मध्ये पाण्याची परात, अलीकडे मी आणि पलीकडे ती. दुपारचे तीन वाजले असतील. सोलता सोलता ती मला काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले तेवढेच. मी म्हणालो, "काय?" तीन महिन्यांपूर्वी असतं तर तिनं ओला पंजा माझ्या डोळ्यांसमोर दोनदा हलवला असता, चष्म्यावर पाणी उडवलं असतं आणि जे काय असेल ते हातानं सांगितलं असतं. त्या दिवशी तिनं नुसती मान हलवली. काही नाही म्हणून. आणि पुढचा वाल उचलला.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती गेली. छातीत दुखतंय हेसुद्धा शेजारच्या वहिनीला म्हणाली, मला नाही.

वाल सोलताना ती काय बोलली ते मला आता कळणार नाही. का कळणार नाही, ते लिहायला बसलोय. रडायला बसलेलो नाही. मी सातवी शिकलेला माणूस, गोड लिहायला मला जमत नाही. आणि ज्या बाईबद्दल पुढं लिहिणार आहे तिच्याबद्दल गोड लिहायची इच्छाही नाही.

आधी आमच्या हिच्याबद्दल.

मी परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होतो. साचे म्हणजे कापड विणायची यंत्रं. दोनेकशे साचे एका शेडमध्ये एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसानं कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही. मग कामगार काय करणार? हातानं बोलायचे. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. मनगटावर टिचकी मारली की पाळी सुटायला किती वेळ. हवेतल्या हवेत मिशी पिळली की मुकादम येतोय, विडी विझव. आख्खी भांडणं आम्ही हातानं करायचो, आया-बहिणींसकट. ज्यांनी ती शेड बघितली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गिरण्या बंद पडल्या, पण कान तिथंच राहिले. माझ्याकडे तोंड करून मोठ्यानं बोललं तरच मला कळतं.

लग्न होऊन ती मालवणाकडून आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटलं नवरा अर्धवट आहे. घरात पण माझे हात चालायचे. नवव्या दिवशी जेवताना मी दोन बोटं चोळून मीठ मागितलं आणि तिनं न बघता मीठ पुढं केलं. महिन्याभरात ती माझ्यापुढं गेली. गिरणीत नव्हत्या त्या खुणा तिनं काढल्या. नाकाखाली नथ धरली की सासू. दोन बोटं चालवली की घरमालक. दोन्ही हात गालाखाली धरून डोकं तिरकं केलं की मी घोरतो. हे शेवटचं ती पाहुण्यांसमोर करायची.

भांडुपच्या बाजारात ती मासळीच्या गल्लीत आणि मी पलीकडे कांद्याशी उभा असलो तरी आमचं बोलणं चालायचं. नाक चिमटीत धरलं की बांगडा शिळा. लग्नात बायकांच्या पंगतीतून बोट नाचवायची, म्हणजे जिलबी पुरे, साखर वाढलीय. लोक बघायचे. बघेनात का.

मुलीला बघायला आले तेव्हाची गोष्ट. पाहुणे खाटेवर, मी दाराशी, ही स्वयंपाकघराच्या पडद्याशी. तिनं तिथून मला हातानं सांगितलं: मुलगा चांगला, आई बडबडी. बडबडी म्हणजे बोटांची चोच करून उघडझाप. मी उत्तर देणार तेवढ्यात मुलाचा बाप पोहे खाताखाता थांबला. बशी खाली ठेवली. आणि त्यानंही चोच केली, स्वतःच्या बायकोकडे बोट दाखवलं आणि कपाळाला हात लावला. तो पण साचेखात्यातला निघाला, दुसऱ्या गिरणीतला. ही पडद्यामागं इतकी हसली की पडदा दांडीसकट खाली आला. लग्न तिथंच ठरलं.

गिरणी गेल्यावर मी वॉचमन झालो आणि तिनं मुलुंडला पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटल्या. बावीस वर्षं. म्हणून दंड असे होते की डब्याचं झाकण मला उघडलं नाही तर तिच्याकडे द्यायचो. "तुमका वॉचमन कोणी ठेवल्यान?" म्हणायची.

मग चाळ पाडली आणि टॉवर झाले. एक आमचा, चाळवाल्यांचा. दुसरा विकत घेणाऱ्यांचा. गेट एक, बाग एक. बागेतल्या बाकड्यावर ही जाऊन बसायची. पलीकडच्या बायका फेऱ्या मारताना एकमेकींशी इंग्रजीत बोलायच्या. घरी येऊन म्हणायची, "माझ्या डोक्यावरसून बोलतत ओ. शिव्या घालतत काय ग्वाड बोलतत ताच कळणा नाय."

त्या दुसऱ्या टॉवरमधल्या एक मॅडम. साठीच्या आतल्या. कुठल्यातरी मोठ्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, मराठीच, पण मराठीसुद्धा इस्त्री केलेली. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ती मोठी होईल. त्यांनी आमच्या बायकांसाठी सोसायटीच्या ऑफिसात फुकट इंग्रजीचा वर्ग काढला. मंगळवार, शुक्रवार, सकाळी अकरा. एका दिवशी एक क्रियापद आणि त्याची दहा वाक्यं, रोजच्या वापरातली.

आमची ही सगळ्यात आधी गेली. वही, पेन, केसाला तेल. मी म्हणालो, "या वयात काय करूचा इंग्रजी?" तर हातानंच म्हणाली, गप बसा, बांगडा शिळा.

चार-पाच क्रियापदं झाली. मग एका शुक्रवारी ती वर आली ती दारातूनच दोन्ही हात हलवत. मला वाटलं गॅस राहिला.

"आज काय शिकवल्यान म्हायत हा? वेव्ह! वेव्ह म्हणजे हात करणे!" मला कळावं म्हणून ओरडून सांगत होती. "चाळीस वर्सां आमी जां करतंव, तां इंग्रजी निघाला ओ!"

तिची ती खुशी मी कशी सांगू. दिवसभर घरात वेव्ह. वहीत तिनं वाक्यं आपल्या अक्षरात लिहून आणली होती. आय वेव्ह टू माय नेबर. खिडकीत जाऊन वहिनीला हात केला. वेव्ह टू युवर आंटी, बेबी. नातवाचा व्हिडिओ कॉल आला तर त्याला हात करायला लावला. डोन्ट वेव्ह दॅट नाईफ. हे मी कोथिंबीर चिरताना. एक वाक्य होतं, राणी गाडीतून हात करते. ते वाचून कमरेवर हात ठेवले. "राणीन हात केल्यान तर शोभता. आणि मी केलंय तर भांडकुदळ!"

पुढच्या मंगळवारी मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, स्वतःच्या मनानं वाक्य करा. बायका लाजल्या. ही उठली. काय म्हणाली ते मला वहिनीनं नंतर सांगितलं, ती तिथंच होती. "आय वेव्ह माय हजबंड. ही नो लिसन. आय वेव्ह, आय वेव्ह, आय वेव्ह. देन ही लुक." आणि मग हजबंडला काय काय वेव्ह करते ते करून दाखवलं. मीठ, चहा, सासू, मुकादम, घोरणं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "हाऊ स्वीट! काकू, परत एकदा करा ना," म्हणाल्या. फोन समोर धरला. हिनं परत केलं. जास्त हौसेनं केलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तिचा तो व्हिडिओ आला. मी खाली बागेत होतो. फोन मुलीनं दिलाय, बघता येतं तेवढं बघतो. तर आमची ही! हात भराभर चालतायत, जरा जास्तच भराभर, मला वाटलं माझा फोनच तसा. खाली इंग्रजीत एक ओळ. मला वाटलं कौतुक केलंय. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू. सलूनमध्ये गेलो, तिथं दाखवलं. सलूनवाल्यानं दोनदा लावायला सांगितलं. किराणावाल्याला दाखवलं. गेटवरच्या दोघांना दाखवलं. सगळे हसले. मी पण हसलो. मला वाटलं खूश झालेत. एक तासभर मी माझ्या हातानं तो व्हिडिओ भांडुपभर फिरवला.

मग वर गेलो. ती पीठ मळत होती. म्हणालो, "हे बघ, तू फेमस झालीस." फोन तिच्यासमोर धरला.

तिनं बघितलं. तिला ऐकू येतं ना. मळायचं थांबलं. काहीतरी विचारलं तिनं, मला कळलं नाही. मग पिठाचे हात वर केले, स्वतःचं पोट धरलं, खांदे गदागदा हलवले आणि फोनकडे बोट केलं. म्हणजे, ह्यात मागं कोण हसतंय?

मी म्हणालो, "कोण हसतंय? मला खय ऐकू येता?"

त्या व्हिडिओत मागं हसण्याचे आवाज घातले होते. शेकडो माणसं हसतायत असे. आणि चालही मुद्दाम वाढवली होती, चावीच्या माकडासारखी. खालची ओळ मुलीनं मग मराठीत लिहून पाठवली: आमच्या सोसायटीचा ट्रॅफिक पोलीस. त्याच्याखाली दोन्ही टॉवरच्या लोकांनी हसरी तोंडं टाकली होती. दातांसकट.

ती माझ्याशी हातानं बोलली ते तेवढं शेवटचं. मागं कोण हसतंय.

दुसऱ्या दिवसापासून तिनं हात पदराखाली घेतले. बाहेर पडताना दोन्ही हात पदरात गुंडाळलेले, थंडी वाजल्यासारखे. घरातही तसंच. मला जेवायला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवायची, तो मला ऐकू येत नाही. मग येऊन खांद्याला हात लावायची. मी म्हणायचो, मोठ्यानं बोल. तर तोंड कानाशी आणून म्हणायची, "शेजारी आयकतीत." मी म्हणायचो, "मग हात कर." तर मान हलवायची. मी कितीतरी वेळा मुकादमाची मिशी पिळून दाखवली, घोरून दाखवलं, सासूची नथ धरली. माझी आई होती ती, तरी धरली. हसायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुमचो काय दोष." ते मला बरोब्बर ऐकू आलं.

बाजारात कोथिंबीरवालीनं तिला बघून दोन्ही हात नाचवले, "काकी, वेव्ह वेव्ह!" त्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. मग बाजार मी करायला लागलो.

मी मॅडमकडे गेलो होतो. तेव्हाच. त्यांच्या दारात उभा राहिलो, चपला काढल्या नाहीत. म्हणालो, "हे काय केलंत तुम्ही?"

"अहो काका, इतकं काय मनाला लावून घेता? गंमत होती. सगळ्यांना काकू किती आवडल्या!"

"तुमच्या आईचा असा काढा बघू. मग आम्हाला पण आवडेल."

तोंड उतरलं. "मी डिलीट केलंय," म्हणाल्या. डिलीट केलं ग्रुपवरून. कोथिंबीरवालीच्या डोक्यातून कोण करणार? मी म्हणालो, "खाली येऊन तिची माफी मागा." तर म्हणाल्या, "आज पाहुणे आहेत, नंतर नक्की." तीन महिने त्यांचे पाहुणे गेले नाहीत.

तीन महिन्यांनी वाल सोलले.

व्हिडिओनं माणूस मरत नाही. मला कळतं. डॉक्टर म्हणाला बीपी जुनं होतं, गोळ्या चुकत होत्या. मी सातवी शिकलोय, येडा नाही. पण आमचे शेवटचे तीन महिने त्या बाईनं घेतले. चाळीस वर्षांत एकदाही घर गप्प नव्हतं. शेवटी झालं. आमच्या संसारात बहिरा मी झालो तो तेव्हा झालो, गिरणीत नाही. आणि ती काय बोलली परातीच्या पलीकडून? मला सांगा कोणीतरी. चवीचं बोलली का दुखण्याचं बोलली?

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मॅडम आल्या. पांढरा ड्रेस, हातात फळांची पिशवी. पाहुणे गेलेले दिसले. बसल्या. माझ्या कानाशी येऊन एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या.

"काका, मला झोप लागत नाही."

मनात म्हणालो, बरं झालं.

"मी खरंच वाईट हेतूनं नव्हतं केलं. आवाज-बिवाज ते माझ्या भाच्याच्या त्या ॲपमध्ये आपोआप... म्हणजे मीच घातले. मीच. मला वाटलं सगळे हसतील."

"हसले की."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं, मला खऱ्या-खोट्यातलं कळतं. "एकदा म्हणा ना काका, की तुमच्या मनात काही नाही. मला जरा बरं वाटेल."

शेजारची वहिनी दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं म्हातारा म्हणेल. म्हातारी माणसं म्हणतात, सुटका करून टाकतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून. माझ्या बायकोला बरं वाटावं म्हणून कोण आलं होतं?

मी विचारलं, "वर्ग चालू आहे का अजून?"

"आहे ना. उद्याच आहे. पण काकूंच्या... म्हणजे, आता फारसं कोणी येत नाही."

"मी येऊ?"

त्या बाईचा चेहरा असा उजळला म्हणता! माझे दोन्ही हात हातात घेतले. "अय्या, नक्की या! मला किती आनंद होईल!" समजल्या की मिटलं. मी समजू दिलं. त्या रडतरडत, हसतहसत खाली गेल्या. वहिनी म्हणाली, "भावजी, मोठं मन तुमचं." मी फळांची पिशवी तिला दिली, गेटवर कोणाला तरी देऊन टाक म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. मग आमच्या टॉवरमध्ये मजल्या-मजल्यावर फिरलो आणि त्या वर्गाला जाणाऱ्या एकेकीचं दार वाजवलं. म्हणालो, आज चला. कशाला ते विचारू नका. मेलेल्या बाईचा नवरा दारात आला तर कोण नाही म्हणणार? सातजणी आल्या. आठवी वहिनी.

अकरा वाजता आम्ही सोसायटीच्या ऑफिसात. मी पहिल्या खुर्चीत. मॅडमनी सगळ्यांना बघितलं आणि हात जोडले, इतक्या खूश. "आज कुठलं क्रियापद घेऊ या? काका, तुम्ही सांगा. तुमचा पहिला दिवस."

मी म्हणालो, "हसणे."

"छान! लाफ." फळ्यावर लिहिलं. पांढरा फळा, काळं पेन. "वाक्य सांगा, मी इंग्रजीत लिहिते."

"मी एका बाईला हसले."

पेन हलेना. मॅडम मागं वळल्या. मी म्हणालो, "काय झालं? रोजच्या वापरातलं आहे. लिहा."

त्यांनी हळूहळू काहीतरी लिहिलं. मी वहिनीला म्हणालो, "वाच, मराठीत सांग." वहिनीला त्या वर्गात बऱ्यापैकी यायला लागलं होतं. ती उठली, वाचलं, मला कानाशी सांगितलं, "कोणीतरी एका बाईला हसलं, असं लिवलंय."

"कोणीतरी नको," मी म्हणालो. "मी. तुमच्या हातानं मी लिहा."

मॅडम म्हणाल्या, "काका, प्लीज." मला ओठांवरून कळलं. मी खुर्चीतून हललो नाही. शेवटी त्यांनी ते पुसलं आणि दुसरं लिहिलं. वहिनीनं मान हलवली, बरोबर म्हणून.

"पुढचं. तिला ऐकू येत होतं."

लिहिलं.

"तिच्या नवऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं तो व्हिडिओ स्वतः सगळ्यांना दाखवला."

हे वाक्य त्यांच्या एकटीचं नव्हतं, माझंही होतं. पण लिहायला लावलं. लिहिलं. अक्षर वाकडं, माझ्या अक्षरासारखं.

"तीन महिने मी माफी मागायला गेले नाही."

लिहिलं.

"आता ती बाई नाही."

हे लिहून झाल्यावर त्यांनी कपाळ फळ्याला टेकलं. मला दया आली का? आली, थोडी. आली तशी गेली.

मग वहिनी उभी राहिली. मी सांगितलं नव्हतं. पदर खोचला आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या मजल्यावरची उठली, तिनं वाचलं. मग सगळ्या. मला आवाज पोचला नाही, आठ तोंडं एकदम उघडताना-मिटताना दिसली, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. मॅडमची पाठ आमच्याकडे होती. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

वाचून संपल्यावर मॅडमनी फळा पुसायला डस्टर उचललं.

मी उठलो, ते त्यांच्या हातातून घेतलं, आणि घरी घेऊन आलो.